कोपऱ्यावरची भट्टी आणि आमची सभ्य वसाहत

गेल्या महिन्यांत आमच्या वसाहतींतील तीन सद्गृहस्थ एक अर्ज घेऊन आमच्या घरीं आले. आमची वसाहत कोल्हापूरच्या दक्षिणेस, कळंब्याच्या वाटेवर, अलीकडच्या पंचवीस-तीस वर्षांत उभी राहिलेली आहे. अर्ज होता कोपऱ्यावरच्या बेकरीविरुद्ध. मागें भट्टी, पुढें कांचेचीं कपाटें, आणि बाहेर पत्र्याच्या छपराखालीं चहाची शेगडी व दोन लांकडी बांकें, एवढाच त्या दुकानाचा विस्तार. या बांकांवर "नको ती मंडळी" बसतात, त्यामुळें वसाहतीच्या "शांततेस व दर्जास" बाध येतो, सबब निदान चहाचा भाग तरी बंद करवावा, अशी अर्जांतील मागणी होती. खालीं एकतीस सह्या. बत्तिसावी आमची व्हावी अशी अपेक्षा होती. प्राध्यापकाच्या सहीनें अर्जाला वजन येतें, असा त्या मंडळींचा गोड गैरसमज दिसला.

आम्हीं सही केली नाहीं. तेव्हांपासून येतां-जातां "आपल्यासारख्या सुशिक्षितानें तरी असें करावयास नको होतें" हा ठपका आम्हांस ऐकावा लागत आहे. दहा जणांस दहादां तोंडी उत्तर देण्यापेक्षां एकदांच लेखी द्यावें, म्हणून हा प्रपंच.

यांतील मौज अशी कीं, हेच तिघे गृहस्थ गेल्या कोजागिरीस गच्चीवर बसून एका सुरांत हळहळत होते कीं, आपल्या भागांत घटकाभर बसण्यासारखें एक कॉफीचें दुकान नाहीं, धड एक बेकरी नाहीं. पुण्याच्या उपनगरांत पाहा, कोपऱ्या-कोपऱ्यावर आहेत! म्हणजे दुकान हवें आहे, आणि आहे तें नको आहे. असें कां, याचा शोध घेणें हाच आमच्या मतें या वादाचा गाभा आहे.

प्रथम पदार्थांचाच विचार करूं. पाव ही वस्तु दुरून आणून खाण्याची नव्हे. भट्टींतून बाहेर पडल्या क्षणापासून तो शिळा होऊं लागतो. भाजतांना मऊ झालेलें पिठांतील सत्त्व निवतांना पुन्हां घट्ट होत जातें. आणि हा पाव शीतकपाटांत ठेवला तर ही क्रिया थांबत नाहीं, उलट अधिक वेगानें होते, हें पुष्कळ गृहिणींस ठाऊकहि नसतें. तेव्हां चांगली बेकरी म्हणजे जवळची बेकरी, व जिचा माल रोज संपतो ती बेकरी. कोपऱ्यावरच्या भट्टींत पीठ मळण्याचें काम आम्ही झोंपेंत असतांना चालतें. पहाटे पहिली लादी निघते व सायंकाळीं पांचच्या सुमारास दुसरी. त्या वेळीं रस्त्यावर जो वास पसरतो, त्यास "दर्जास बाध" म्हणावयाचें असेल तर आमच्या नाकाची घडणच निराळी असली पाहिजे. तेथील खारी व टोस्ट उत्तम. बटर मात्र थोडें अधिक खरपूस भाजावें, असें आम्हीं दुकानदारास एकदोनदां सुचविलें आहे. तो मान डोलावतो आणि पूर्वीप्रमाणेंच भाजतो. केकविषयीं न बोललेलें बरें. त्यांवरील गुलाबी लेप पाहून आमचा नातू हरखतो, एवढेंच त्यांचें समर्थन.

कॉफीची गोष्ट थोडी वेगळी. चिकमगळूर आणि कोडगूचे कॉफीचे डोंगर शेजारच्याच कर्नाटकांत असूनहि कोल्हापूर हें कॉफीचें गांव कधींच झालें नाहीं. आमचें असें मत आहे कीं, याला म्हैस कारण आहे. ज्या गांवांत गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून फेंसाळलेला पेला हातीं देतात, त्या गांवाच्या दाट दुधांत चहा तग धरतो, कॉफी बुडून जाते. तथापि कोणास कॉफीच हवी असेल, तर नवीं दुकानें राजारामपुरींत व ताराबाई पार्कांत निघालीं आहेत आणि त्यांतील कांहींची कॉफी खरोखर चांगली असते, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. एका पेल्यास दीडशे-दोनशे रुपये मोजावे लागतात. ते कॉफीसाठींच मोजतों अशी आमच्या मित्रांची समजूत आहे. आम्हांस शंका येते. त्यांतला बराच भाग शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार नाहीं, याबद्दलचा असतो.

अर्जांतील "नको ती मंडळी" कोण, हें आम्हीं मुद्दाम पाहिलें. सकाळीं कचरागाडीवरच्या बायका, त्यांच्यामागून बांधकामावरचे गवंडी व बिगारी. दुपारीं रिक्षावाले, रात्रपाळी संपवून निघालेले इमारतींचे रखवालदार. सायंकाळीं महाविद्यालयांतलीं मुलें. आमचीं घरें यांनींच बांधिलीं, यांच्याच राखणीवर आम्ही निर्धास्त झोंपतों. अर्ज घेऊन आलेल्यांपैकीं एकानें तर बोलतां-बोलतां दुकानदाराचें आडनांवहि आम्हांस विचारलें. पावाच्या गुणदोषांशीं आडनांवाचा काय संबंध, हें आम्हीं उलट विचारलें तेव्हां ते पंख्याकडे पाहूं लागले.

पाव आणि चहा यांची आमच्या महाराष्ट्रांतील कथा आडनांवांचीच कथा आहे. "पाव" हा शब्दच मुळीं पोर्तुगीज लोकांबरोबर आला, आणि कित्येक पिढ्या पाव खाणें म्हणजे धर्म बुडविणें असें समजलें जाई. १८४९ सालीं मुंबईस निघालेल्या परमहंस सभेंत प्रवेश घेणारास परधर्मीयानें भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. जातिभेदावर पाणी सोडल्याची ती खूण होती. सभा गुप्त ठेवावी लागली, यावरून तो तुकडा किती महाग होता हें कळतें. पुढें १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटांचें जें प्रकरण झालें, तें तर सर्वश्रुतच आहे. गोपाळराव जोशांनीं तेथें जमलेल्या मंडळींचीं नांवें छापून आणलीं आणि रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य ओढवलें. एका कपाचा निकाल लावण्यास शंकराचार्यांपर्यंत जावें लागलें! आज आपण या गोष्टी वाचून हंसतों.

परंतु कोल्हापूरकरांनीं हंसण्याआधीं भाऊसिंगजी रस्त्यावरील एका चहाच्या दुकानाची आठवण करावी. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेंतील नोकर. अस्पृश्य जातीचे असून पाण्याच्या हौदास शिवले, एवढ्यावरून इतर नोकरांनीं त्यांस मारहाण केली. शाहू महाराजांनीं मारणारांस शासन केलें. पण तेवढ्यावर ते थांबले नाहींत. कांबळे यांनीं चाकरी सोडून स्वतःचा धंदा काढावा म्हणून त्यांस द्रव्यसाहाय्य केलें, आणि "सत्यसुधारक" हें चहाचें हॉटेल निघालें. दुकान निघालें, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हां महाराज स्वतः गाडी थांबवून तेथला चहा मागवूं लागले व बरोबरच्या बड्या मंडळींसहि पाजूं लागले. कामासाठीं महाराजांची सही हवी असलेल्यांस ते त्या दुकानाशींच गांठ घालावयास लावीत, असेंहि सांगतात. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, याच महाराजांस विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें जातवार काढावीं लागलीं होतीं. एका छपराखालीं सर्वांस आणण्याचा प्रयत्न त्यांच्या डोळ्यांदेखत फसला होता. जें वसतिगृहांच्या पंक्तींत जमलें नाहीं, तें त्यांनीं चहाच्या पेल्यानें साधूं पाहिलें. हुकूमहि निघालेच, १९१९ सालीं सार्वजनिक जागांतील अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनीं आज्ञा काढल्या. तरीहि आम्हांस त्या सगळ्या आज्ञांपेक्षां गाडींत बसून घेतलेला तो चहा मोठा वाटतो. आज्ञा देणारास आपल्या जागेवरून हलावें लागत नाहीं.

अशा गांवचे नागरिक आपण, आणि अर्ज लिहितों तो बांकें उचलून नेण्याचा!

"आम्ही जातपात मानीत नाहीं, प्रश्न फक्त स्वच्छतेचा आहे," असें यावर उत्तर येईल, किंबहुना आलेंच. स्वच्छतेचा मुद्दा आम्हांस पूर्ण मान्य आहे. कागदी पेले गटारींत पडतात, दुचाक्या वेड्यावांकड्या उभ्या राहतात, भट्टीचा धूर दक्षिणेकडील दोन घरांत शिरतो. तर मग अर्ज कचऱ्याच्या डब्याबद्दल करा, धुराड्याच्या उंचीबद्दल करा. आम्ही पहिली सही करूं. पण संपूर्ण अर्जांत डबा हा शब्द नाहीं आणि "दर्जा" हा शब्द चार वेळां आहे.

आणि जातपात न मानण्याबद्दल बोलावयाचें तर आम्हीं आमच्याच घरांतील एक गोष्ट सांगतों. आमच्याकडे धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंस रोज चहा दिला जातो. तो ज्या कपांतून दिला जातो, तो कान तुटलेला कप मोरीच्या खिडकींत पालथा घातलेला असे. आम्ही तीस वर्षें वर्गांत मिल्ल शिकविला, समतेवर व्याख्यानें दिलीं, आणि त्या खिडकीसमोर रोज दाढी केली. तो कप आम्हांस दिसला नाहीं. दिसला तो त्या बांकावर. एके दिवशीं सायंकाळीं पाव घ्यावयास गेलों असतां त्याच बाई तेथें बसून चहा घेत होत्या, आणि दुकानदारानें जसा पेला त्यांच्या हातीं दिला तसाच आमच्या हातीं दिला. "बसा की सर," असें म्हणून त्या जरा सरकल्या. आम्ही बसलों खरे, परंतु पहिला घोट घेईपर्यंत आम्हांस कोणी पाहत तर नाहीं ना, असा विचार मनांत आलाच. तो येथें लपवीत नाहीं. घरीं आल्यावर तो कान तुटका कप आम्हीं टाकून दिला. सौभाग्यवतींनीं कारण विचारलें नाहीं, यावरून त्यांसहि तें पूर्वींच ठाऊक असावें.

कॉफीगृहांचा इतिहास इंग्रजींत वाचलेल्यांस आणखी एक दाखला देतों. इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस् यानें १६७५ च्या अखेरीस सर्व कॉफीगृहें बंद करण्याचा जाहीरनामा काढला. तेथें रिकामटेकडे लोक जमतात, ही त्याची तक्रार. लंडनकरांनीं असा गिल्ला केला कीं, अंमल सुरू होण्याआधींच त्याला तो मागें घ्यावा लागला. आमच्या वसाहतीच्या अर्जाची भाषा त्या राजाच्या भाषेशीं किती जुळते! मात्र तेथें एका पेनीवर कोणीहि बसे असें जें कौतुकानें सांगतात, त्या "कोणीहि" मध्यें स्त्रिया बहुधा नसत.

आणि येथें आमच्या सूनबाईंनीं आम्हांस पकडलें, हें प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. लेखाचा मसुदा वाचून त्या म्हणाल्या, "बाबा, तुमच्या बांकावर मी एकटी अर्धा तास पुस्तक घेऊन बसूं शकेन का? राजारामपुरींतल्या त्या महागड्या दुकानांत बसतां येतें. मी दोनशे रुपये त्याचे देतें." याला आमच्याजवळ चटकन् उत्तर नव्हतें. कचरागाडीवरच्या बायका बसतात त्या घोळक्यानें आणि पांच मिनिटें. एकटी बसलेली मुलगी आम्हीं तेथें पाहिलेली नाहीं. नव्या दुकानांनीं हें एक काम केलें, जें आमच्या जुन्या हॉटेलांनीं शंभर वर्षांत केलें नाहीं, आणि त्याबद्दल त्यांस श्रेय दिलेंच पाहिजे. पण त्यावरून कोपऱ्यावरचीं दोन बांकें उचलावीं असें कसें निघतें? तिसरें घालावें, आणि आपल्या घरच्या बायकांनीं त्यावर जाऊन बसावें, असें निघतें. दुकानदारास आम्हीं विचारलें. बांक करवून घेण्यास त्याची हरकत नाहीं, अर्जाचें काय होतें तें पाहून सुतारास सांगतों म्हणाला.

सूनबाई परवां सायंकाळीं तेथें गेल्या होत्या; पुस्तक नेलें नव्हतें. दहा मिनिटें बसल्या आणि गरम पावाची लादी घेऊन परत आल्या. अर्ज आमच्या मेजावरच आहे. न्यावयास अद्याप कोणी आलेलें नाहीं.