देवमाशांचा निधी आणि किनाऱ्यावरची बाई

अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे स्थलांतर न करता बारमाही इथेच राहतात. २००८ मध्ये त्यांची नोंद जागतिक संकटग्रस्त यादीत झाली. जाळ्यात अडकणे हा त्यांना मोठा धोका. त्यांच्या संशोधनाला पैसा मिळालाच पाहिजे. पण त्यात किनाऱ्यावरच्या बाईचे काम मोजले जाणार का? संरक्षित जीव सोडवताना कापलेल्या जाळ्याची भरपाई महाराष्ट्रात २०१८ पासून मिळते, २५ हजार रुपयांपर्यंत. बोट, जाळी बहुतेक पुरुषांच्या नावावर. मासळीविना टोपली रिकामी राहिलेल्या बाईचा हिशेब कोण करणार? किनाऱ्यावर काय वाहून आले, कालवे कुठे कमी झाली, हे तिलाच ठाऊक. ही माहिती फुकट का घ्यायची? संशोधन-निधीत तिला मानधन आणि निर्णयात वाटा हवा. ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.