तेलकट बोटांचं वाचन

परवा लेकीने लायब्ररीतून चार पुस्तकं आणली. चारही बारकी, मोठ्या टायपातली. लेक आमची सहावीत! "अगं, हे काय?" म्हटलं, तर म्हणाली, "बाबा, तक्त्यात पुस्तकं मोजतात, पानं नाही."

हा वाचनाचा तक्ता शाळेने दिलाय. पुस्तकाचं नाव, लेखक, 'मिळालेला बोध' आणि पालकांची सही. (सह्या मीच करत होतो. न बघता.)

मला या 'वाचनाचे संस्कार' प्रकरणाची खरंच चीड येते. 2015 पासून 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन असतो. असू दे. पण आम्हाला कुणी प्रेरणा दिली होती हो? का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी चाल पाडली, तिचा आमच्या घरातला अर्थ एकच होता, भांडण! लायब्ररीत अनामत भरून अंकांची योजना घ्यायची, एक परत केला की दुसरा मिळायचा. त्यामुळे घरात अंक एक आणि वाचणारे सात. आजोबा शब्दकोडं पेनाने सोडवून ठेवायचे, लायब्ररीवाला दरवर्षी ओरडायचा. भाऊबीजेच्या दुपारी आम्ही पोरं फरशीवर पालथी, मध्ये चकलीचा डबा, पानापानावर तेलाची बोटं. कंटाळा आला की गोष्ट अर्धी टाकायची. मोठ्यांसाठीची असली तर मात्र पूर्ण वाचायची! बोध? शून्य. "काय शिकलास?" असं आईने एकदाही विचारलं नाही. ती स्वतःच वाचत असायची, दूध उतू जाईपर्यंत.

तिथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. ती माणसं आमच्यासाठी वाचत नव्हती, स्वतःला आवडायचं म्हणून वाचायची. आणि आम्ही? मोबाईलमध्ये डोकं घालून पोरांना सांगतो, "जा, पुस्तक वाच." मुलं वाचत नाहीत ही ओरड मला ढोंगी वाटते. माझ्या लेकीने मला शेवटचं पुस्तक हातात घेतलेलं कधी पाहिलं, ते मलाच आठवेना.

बायकोचं म्हणणं, काहीतरी शिस्त हवीच ना. हवी की! पाढ्यांना लावा, दात घासायला लावा.

तर मी तक्ता फ्रीजवरून काढला आणि दोन दिवाळी अंक विकत आणले. एक माझा, एक तिचा. रात्री तिने विचारलं, "अर्धं सोडलं तर चालेल?"

"चालेल की."

"आणि तुझा घेतला तर?"

काल डायरीत शेरा आला, तक्ता जमा नाही. मी सही केली. या वेळी वाचून.