अपशिंगे ते खडकवासला: अधिकारी घडविणारे घर

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला सारा मुलूख ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखतो. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांच्यापैकी कोणी कितीही पराक्रम गाजवला असता, तरी बढतीची मजल फार तर सुभेदार-मेजरपर्यंतच होती. पलटणीचा खरा अधिकार गोऱ्या अधिकाऱ्याकडे.

१९१८ पासून सँडहर्स्टला हिंदी तरुणांसाठी वर्षाला १० जागा राखल्या गेल्या. पण विलायतेचा खर्च झेपणार कोणाला? संस्थानिकांना, जमीनदारांना. शिपाई अपशिंग्याचा आणि अधिकारी वाड्यातला, ही विभागणी कायम राहिली.

हे चित्र बदलावे म्हणून स्वतंत्र भारताने जे केले, त्यातला एक धागा आपल्याच जिल्ह्यातून जातो. १९५५ मध्ये खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, सुरू झाली. २३ जून १९६१ रोजी देशातले पहिले सैनिक स्कूल साताऱ्यात उघडले. तेव्हा मुख्यमंत्री होते देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण. अधिकारीवर्गातला प्रादेशिक आणि वर्गीय असमतोल दूर करणे, हा सैनिक स्कूल योजनेचा घोषित हेतू होता. याच शाळेतले प्रदीप नाईक पुढे वायुदलप्रमुख झाले.

आता थोडे वर्तमानाविषयी, आणि हे माझे मत आहे. साताऱ्या-सांगलीत आज मुलगा नववीत गेला की घर एनडीएच्या तयारीला लागते. क्लास वडील निवडतात, अर्ज काका भरतात, पहाटे धावायला आई उठवते. प्रेम खरेच असते. परंतु परीक्षेची रचना पाहिली, तर हा पाठिंबा नेमका उलट दिशेने जातो.

लेखी परीक्षा ९०० गुणांची, तिथे शिकवणी उपयोगी पडते. उरलेले ९०० गुण एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीचे. या पद्धतीचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. घराणे आणि शाळा पाहून पुरेसे अधिकारी मिळेनात, तेव्हा मानसशास्त्रीय चाचण्या व गटकार्यातून माणूस पारखण्याची रीत आली. एक चित्र पाहून गोष्ट लिहायची, दोर-फळ्या घेऊन गटाने अडथळा ओलांडायचा. पाहिले जाते ते एवढेच, की हा स्वतः निर्णय घेतो का, जबाबदारी उचलतो का. वाड्यातल्या मुलाची मक्तेदारी मोडणारी हीच चाळणी आहे. आणि ज्याचा प्रत्येक निर्णय घरच्यांनी घेतला, तो मुलगाही याच चाळणीत अडकतो.

म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःचा अर्ज स्वतः भरू द्यावा, चुकला तर निस्तरू द्यावा. सुट्टीत गावच्या शेताचा वा दुकानाचा एखादा व्यवहार त्याच्यावर सोपवावा. जत्रेत ‘आमचा साहेब’ म्हणून त्याची आधीच ओळख करून देऊ नये. निवड झाली नाही, तर त्या हाकेचे ओझे त्यालाच वाहावे लागते. आणि मुलीने ही इच्छा बोलून दाखवली, तर ‘तुझं काय तिथं?’ हा प्रश्न आता इतिहासजमा झाला आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएत दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतील १७ मुली मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

एनडीएचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. ते उलटले की घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. वास्तविक पदवीनंतरही डेहराडून आणि चेन्नईच्या अकादमींची दारे उघडी असतात.

पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक याच सैनिक स्कूलचे विद्यार्थी. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात ते धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक, दोन मुलांच्या आई, वयोमर्यादेत सवलत मिळवून चेन्नईच्या अकादमीत गेल्या आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या.