नाव फोटोतच लिहा

माझे आजोबा भिलाईजवळच्या नंदिनी नगरला राहतात. नंदिनीची खाण चुनखडीची. लोखंड वितळवताना त्यातला मळ बाजूला काढण्यासाठी ही चुनखडी भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागते. आजोबांची सगळी नोकरी त्या खाणीत गेली. निवृत्तीनंतर त्यांनी जुने फोटो स्कॅन करून घेतले आणि ‘पिकासा’ या मोफत प्रोग्रॅममध्ये लावले. पिकासा फोटोतले चेहरे शोधून देई, नाव आपण लिहायचे. डंपरचालक, सुरुंग लावणारे, मुकादम, कॅन्टीनवाले, आजोबांनी एकही चेहरा बिननावाचा ठेवला नव्हता.

गूगलने मार्च २०१६ मध्ये पिकासा बंद केला. ज्यांच्या संगणकावर तो होता त्यांचा चालत राहिला, फक्त नवी दुरुस्ती मिळेना. आजोबांचाही चालला. मग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी नवा संगणक आला. मी जुन्यातले फोटो तेवढे निवडून पेनड्राइव्हवर घेतले आणि जुना संगणक साफ करून टाकला. नव्यावर पाहतो तर फोटोखाली लिहिलेल्या ओळी होत्या, चेहऱ्यांची नावे मात्र गेली होती. पिकासा ती ओळ फोटोच्या फाइलमध्येच लिहीत असे. चेहऱ्यांची नावे मात्र, वेगळे सांगितल्याशिवाय, तो बाहेर स्वतःच्या नोंदींत ठेवी. हे मला ठाऊक नव्हते. चूक माझीच.

आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, “बस, पुन्हा लिहू.” आठ संध्याकाळी आम्ही बसलो. एका फोटोत अकरा जण होते. नऊ नावे झाली. दहाव्यावर बोट ठेवून आजोबा म्हणाले, “हा रोज माझ्या डब्यातला ठेचा मागायचा.” पण नाव आठवेना. अकराव्याचेही नाही. ती दोन नावे आता कोणाला विचारायची?

म्हणून माझे मत असे आहे. असा प्रोग्रॅम निवडताना तो दिसतो कसा, हा प्रश्न शेवटी विचारावा. पहिला प्रश्न हा, की मी लिहिलेले नाव फोटोच्या फाइलमध्ये जाते का? दुसरा, उद्या हा प्रोग्रॅम बंद पडला तर माझी मेहनत दुसरीकडे नेता येईल का? तिसरा, खर्च एकदाच की कायमचा? ‘लाइटरूम’ पूर्वी एकदा विकत घेता येई, २०१७ पासून त्याच्या नव्या आवृत्तीसाठी वर्गणीच भरावी लागते. गूगल फोटोजमध्येही अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून संपली. आता १५ जीबीपर्यंतच मोफत, तीही ईमेल धरून. पेन्शनीत राहणाऱ्याने याचा हिशेब आधी करावा.

आम्ही ‘डिजीकॅम’ घेतला. तो मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे. नावे फाइलमध्ये लिहिण्याची सोय त्यात आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन ती चालू आहे ना हे पाहावे लागते. पिकासाइतका तो सोपा नाही. इतकी बटणे पाहून आजोबा पहिल्या दिवशी वैतागले होते. तरीही मी तोच सुचवीन.

मित्रांनो, आपल्या शाळेच्या व्हरांड्यात जुन्या तुकड्यांचे फोटो आहेत. त्यांच्याखाली “बसलेले, डावीकडून” अशी सुरुवात करून प्रत्येकाचे नाव छापले आहे. आपले फोटो कुठे आहेत? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर! तिथे साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्याच्या आत लिहिलेली माहितीही गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. माझी सूचना एवढीच, की संचलनाचे आणि स्नेहसंमेलनाचे फोटो आले की त्याच आठवड्यात फोटोग्राफी क्लबने नावे लिहावीत आणि एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी. आज प्रत्येक नाव आपल्याला पाठ आहे. काम आजच सोपे आहे.

— एक कॅडेट, इयत्ता अकरावी