युरोप एक देश होईल का? भाषेला दोष देऊ नका!

शुक्रवारी कॅन्टीनमध्ये जेवताना विषय निघाला. आमच्या टीममधला एक जण नुकताच जर्मनीहून ऑनसाइट करून परत आलाय. त्याचं सारखं एकच, "काय मस्त आहे रे! म्युनिकला गाडीत बसायचं, ऑस्ट्रिया ओलांडून थेट इटलीत उतरायचं. ना वेगळा व्हिसा, ना पैसे बदलायची कटकट. बघच तू, अजून वीसेक वर्षांत अख्खा युरोप एक देश होणार."

त्यावर दुसऱ्याने लगेच निकाल दिला, "शक्यच नाही. चोवीस अधिकृत भाषा आहेत त्यांच्या. एक भाषा नसेल तर एक देश होत नाही. म्हणून तर आपल्याकडेही सगळ्यांनी एकच भाषा घ्यायला हवी."

माझा घास तिथेच अडकला. पहिल्याचं स्वप्न भाबडं आहे. पण दुसऱ्याचं कारण चुकीचं आहे, आणि नुसतं चुकीचं नाही तर घातक आहे. दोन वाजता कॉल होता म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता रविवार आहे.

आधी भाषेचं बघू. चेक आणि स्लोव्हाक लोकांना एकमेकांचं बोलणं सहज कळतं. तरी १ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. सर्ब आणि क्रोएट यांना तर दुभाषाच लागत नाही, पण १९९१ नंतर त्यांनी एकमेकांची गावं जाळली. उलट स्वित्झर्लंड चार भाषा घेऊन सुखाने नांदतोय.

आणि आपण? आठव्या परिशिष्टात २२ भाषा. १९५६ मध्ये भाषावार राज्यं झाली तेव्हा 'आता देश फुटणार' म्हणणारे पुष्कळ होते. मराठी माणसाला तर १ मे १९६० पर्यंत झगडावं लागलं. फुटला का देश? बेळगावचं भांडण अजून आहे, पण त्यातही कोणी देश सोडायच्या गोष्टी करत नाही. फुटला तो शेजारचा पाकिस्तान! तिथे बंगाली लोकांवर उर्दू लादायला गेले, १९५२ मध्ये ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या आणि १९७१ मध्ये निम्म्याहून जास्त लोकसंख्या वेगळी झाली. कारणं आणखीही होती, पण ठिणगी भाषेचीच.

मग युरोपचं घोडं अडतं कुठे? माझ्या मते खिशात.

तुमच्या-माझ्या पगारातून कापलेला आयकर दिल्लीला जातो. केंद्राच्या वाटपायोग्य करांपैकी ४१ टक्के राज्यांना मिळतात आणि वित्त आयोगाच्या सूत्राप्रमाणे गरीब राज्याला त्यात जास्त वाटा. म्हणजे पुण्यातला पैसा बिहारच्या शाळेला लागतो. आपण कुरकुरतो, पण त्यासाठी सार्वमत मागत नाही. कुरकुरत का होईना पण देणं, हेच तर एक देश असणं!

युरोपियन युनियनचं बजेट किती? सगळ्या सदस्यांच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण एक टक्का. कर, पेन्शन, दवाखाने.. सगळं बहुतेक ज्याचं त्याचं. २०१० मध्ये ग्रीस बुडायला लागला तेव्हा त्याला हक्काचा वाटा नाही, कर्ज मिळालं. तेही पगार आणि पेन्शन कापायच्या अटीवर. जर्मन करदाता म्हणाला, मी का भरू? ग्रीक म्हणाला, हे कोण मला सांगणारे? जुलै २०१५ मध्ये ६१ टक्के ग्रीकांनी सार्वमतात नकार दिला आणि आठवड्याभरात त्यांच्याच सरकारला कडक अटींवर सही करावी लागली. नोटा दोघांच्याही खिशात त्याच होत्या. त्या नोटांवरचे पूलही काल्पनिकच काढले होते, कारण एका देशाचा खरा पूल छापला तर बाकीचे रुसतील!

दुसरी अडचण संमतीची. जबरदस्तीने युरोप एक करायचा प्रयोग नेपोलियनने केला, हिटलरने केला. आता रस्ता फक्त संमतीचा, आणि मूळ करार बदलायचे तर सगळ्या २७ देशांची संमती लागते. एकत्र सैन्याची कल्पना फ्रान्सनेच मांडली आणि १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेने ती पाडली. २००५ मध्ये युरोपची राज्यघटना सार्वमताला आली तर फ्रान्स आणि नेदरलँड्सनी, म्हणजे दोन संस्थापकांनीच, नाही म्हटलं. २०१६ मध्ये ब्रिटनने बाहेर पडायचं ठरवलं आणि २०२० मध्ये पडलाही.

तुम्ही म्हणाल, कोविडमध्ये त्यांनी एकत्र कर्ज काढलंच की! बरोबर. २०२० चा ७५० अब्ज युरोचा निधी ही मोठीच गोष्ट होती. अमेरिकेत १७९० मध्ये हॅमिल्टनने राज्यांची कर्जं केंद्राच्या अंगावर घेतली, त्याची आठवण तेव्हा अनेकांनी काढली. पण हॅमिल्टनकडे फेडायला केंद्राची जकात होती. युरोपने मात्र हे अपवाद म्हणून, एकदाच, असं आधीच बजावून ठेवलं. एकदाच दिलेल्या पैशाला मदत म्हणतात, संसार नाही.

म्हणून माझं उत्तर: आपल्या हयातीत तरी नाही. आणि त्यात वाईट काय? फ्रान्स आणि जर्मनी १८७०, १९१४ आणि १९३९ असे सत्तर वर्षांत तीनदा लढले. १९५१ मध्ये सहा देशांनी कोळसा आणि पोलाद एकत्र आणलं, तेव्हापासून या दोघांत एकदाही युद्ध नाही. एवढं साधायला त्यांना एक देश व्हावं लागलं नाही, आणि कोणाची भाषाही पुसावी लागली नाही.

तेव्हा मित्रा, युरोपचं उदाहरण देऊन माझ्या मराठीच्या, तुझ्या शेजारी बसणाऱ्याच्या तमिळच्या मुळावर येऊ नकोस. देश एकत्र राहतो तो एकमेकांचा भार उचलायची तयारी असते म्हणून. ती तयारी कोणत्याही भाषेत दाखवता येते. आणि 'तुझी भाषा सोड' म्हटलं की सगळ्यात आधी तीच जाते.

असो. उरलेलं भांडण सोमवारी, कॅन्टीनमध्ये!