गणिताची नवी अवजारे आणि आपली मुले

आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद होईल आणि ती व्हावीच. आम्हांला मात्र या निमित्ताने एका उणिवेकडे लक्ष वेधायचे आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलेली आपली मुले-मुली सुट्टीत भेटायला आली की एक गोष्ट वारंवार सांगतात. गणित येत होते. पण प्रयोगशाळेत तेच गणित संगणकावर सोडवायला सांगितले, तेव्हा हात थबकला. शेजारी बसलेल्याने ते सॉफ्टवेअर आधी हाताळलेले होते, आपण त्याचे नावच पहिल्यांदा ऐकत होतो आणि विचारायला संकोच वाटला. येथे बुद्धी कमी पडली नाही, ओळख कमी पडली. ही ओळख शाळेने आठवीपासूनच करून द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही इतिहास शिकवतो. गणिताच्या सॉफ्टवेअरशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण विद्येची साधने कोणाच्या खर्चाने उभी राहिली आणि कोणाच्या हाती गेली, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. त्याचा पुरावा आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ११५० साली 'लीलावती' रचणाऱ्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केला. शके ११२८, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमाराच्या तेथील शिलालेखात मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. लेखाचा अखेरचा भाग त्या काळच्या मराठीत असून बाजारातील विक्रीवरचा कर आणि चालू घाण्यांमागे ठरावीक तेल मठाला मिळावे, असे त्यात सांगितले आहे. भास्कराचार्यांची थोरवी आम्ही नाकारत नाही. तिचा अभिमानच बाळगतो. पण ज्यांच्या घाण्याच्या तेलावर मठातला दिवा जळला, त्यांची मुले त्या दिव्याखाली बसून गणित शिकली असतील, असे त्या समाजव्यवस्थेत मानायला जागा नाही. आपल्या पूर्वजांचा तर प्रश्नच नव्हता.

त्याच डोंगररांगेत पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. पाटणच्या मठापेक्षा हजारांहून अधिक वर्षे जुनी. तेथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराने आपले नाव कोरलेले आहे. हाताने काम करणाऱ्याचे नाव विहाराच्या दगडावर सन्मानाने राहू शकते, ही आपली परंपरा आहे. तांत्रिक विद्येकडे आपण त्याच नजरेने पाहायला हवे.

परमपूज्य बाबासाहेबांनी तसेच पाहिले. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने समाजाचा उद्धार होणार नाही, विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, आणि ते आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेर असल्याने सरकारने त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी मागणी त्यांनी त्यात केली होती.

आज परिस्थिती काय आहे? अभियांत्रिकीत सर्वत्र वापरले जाणारे मॅटलॅब हे सॉफ्टवेअर मूळ एका शिक्षकाच्या तळमळीतून जन्मले. क्लीव्ह मोलर या अमेरिकी प्राध्यापकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते तयार केले. फोरट्रान भाषेतले लांबलचक प्रोग्रॅम न लिहिता विद्यार्थ्यांना समीकरणे सोडवता यावीत, हा त्याचा हेतू होता. पुढे ते विकत घेण्याची वस्तू झाले. पण त्याच धाटणीचे सायलॅब हे फ्रान्समध्ये विकसित झालेले सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. शालेय भूमितीसाठी मार्कस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात सुरू केलेले जिओजेब्राही शाळांना मोफत वापरता येते. आयआयटी मुंबईने केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने फॉसी हा प्रकल्प चालवून सायलॅबचा प्रसार केला. तेथीलच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार केले आणि ते मराठी निवेदनातही उपलब्ध करून दिले. म्हणजे पैशाची अट गेली, इंग्रजीची भीतीही बरीच कमी झाली. हे सारे जनतेच्या करातून उभे राहिले आहे. घाण्याचे तेल आजही आपलेच आहे. या वेळी दिव्याखाली बसण्याचा अधिकारही आपला आहे.

याचा उपयोग काय, हे पालकांना आपल्या विहिरीवरून समजेल. पाणी ३० मीटर खोल आहे आणि सेकंदाला ५ लिटर वर काढायचे आहे. पाच किलो पाणी, ३० मीटर उंची आणि गुरुत्वाचे ९.८१ यांचा गुणाकार १४७१.५ वॅट येतो, म्हणजे जवळपास २ हॉर्सपॉवर. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर ४ हॉर्सपॉवर लागेल. हे दहावीच्या विद्यार्थ्याला वहीत जमते. पण उन्हाळ्यात पातळी खाली जाते. २० पासून ६० मीटरपर्यंत प्रत्येक खोलीला किती शक्ती लागेल, याचा तक्ता आणि आलेख सायलॅबमध्ये दोन-तीन ओळींत तयार होतो. नळीतले घर्षण हिशेबात घेतले, तर असे समीकरण येते की अज्ञात राशी दोन्ही बाजूंना अडकून बसते. हाताने पुन्हा पुन्हा अंदाज घालत राहावे लागते. यंत्र ते क्षणात करते. मूल मात्र पातळी खाली गेली तर काय, नळी बदलली तर काय, असे प्रश्न विचारायला मोकळे होते.

काही सहकारी शिक्षकांचा आक्षेप असा की, यंत्र हाती दिले तर मुले विचार करणे सोडतील. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शिकवण्याच्या रीतीत आहे. साइन ३० ची किंमत अर्धा, हे आपल्या मुलांना पाठ असते. सायलॅबला साइन ३० विचारले, तर ते उणे ०.९८८ सांगते! यंत्र चुकलेले नसते. आपण अंश मनात धरले होते, त्याने रेडियन धरले. तसेच ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ एवढी आहे का, असे विचारले, तर ते 'नाही' म्हणते, कारण द्विमान पद्धतीत हे अपूर्णांक तंतोतंत साठवता येत नाहीत. ज्याला वहीतले गणित येते, तोच येथे थांबेल आणि कारण शोधेल. म्हणून पाढे, सूत्रे आणि तोंडी अंदाज सुटता कामा नयेत. उलट आधी अंदाज वहीत लिहायचा आणि मगच यंत्राला विचारायचे, असा दंडक असावा.

ही आपल्या धम्माचीच शिकवण आहे. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की, परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः पारखा. आज त्या यादीत पडद्यावर उमटलेले उत्तरही घालावे लागेल. रोज वंदनेत 'एहिपस्सिको' म्हणणाऱ्या मुलांना हे समजावणे अवघड नाही.

आमची सूचना साधी आहे. आठवी-नववीला जिओजेब्रा आणि दहावीला सायलॅब यांसाठी आठवड्यातून दोन तासिका राखून ठेवाव्यात. वसतिगृहातील मुलामुलींसाठी संगणककक्ष सायंकाळच्या अभ्यासवेळेत उघडा राहावा, आणि मुलींना तेथे हक्काची जागा असावी. पाठ आधी उतरवून ठेवले, तर इंटरनेट नसतानाही काम अडत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते, तंत्रज्ञ, प्राध्यापक आहेत, त्यांनी देणगीबरोबर महिन्यातला एक रविवार द्यावा. एरंडोलला येऊन मुलांच्या शेजारी बसावे, आपल्या कामातला एखादा खराखुरा प्रश्न त्यांच्यापुढे मांडावा. ज्यांना पहिल्या सत्रात संकोच वाटला होता, त्यांच्याइतके चांगले शिक्षक या मुलांना दुसरे कोण मिळणार?

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आपण भिंतीवर लिहिला आहे. काय शिकायचे, हे दर पिढीने आपल्या काळाकडे पाहून ठरवायचे असते. पुढची स्मरणिका निघेल, तेव्हा तिच्यात एखाद्या विद्यार्थिनीने स्वतः सोडवलेला तिच्या गावच्या पाण्याचा हिशेब छापलेला असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

जय भीम.