खरं जग कोणतं म्हणे!

फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाची 'द मॅन इन द हाय कॅसल' ही १९६२ ची कादंबरी. तिच्यात जर्मनी-जपान दुसरं महायुद्ध जिंकलेत. आत आणखी एक कादंबरी आहे, तिच्यात ते हरलेत. शेवट संदिग्ध. साठ वर्षं उलटली, वाचक भांडतायत: यातलं खरं जग कोणतं?

मी म्हणतो, हा प्रश्न परवडतो कुणाला? यात एक ज्यू कारागीर आहे, फ्रिंक. मूळचा फिंक. जीव वाचवायला आडनाव बदललेलं. आडनाव लपवून भाड्याची खोली मिळवणाऱ्या आपल्या पोरांना हे जग काल्पनिक वाटंल काय?

फ्रिंक पकडला जातो. त्याला जर्मनांच्या हवाली करायचा कागद तागोमी या जपानी अधिकाऱ्यापुढं येतो. तागोमी नुकताच क्षणभर दुसऱ्याच सॅन फ्रान्सिस्कोत जाऊन आलेला. डोकं भंजाळलेलं. खरं काय, खोटं काय, त्यालाही ठाऊक नाय. तरी तो सही करत नाय. फ्रिंक सुटतो. कुणामुळं, हे त्याला कळतसुद्धा नाय.

वाचकांनो, जगं खुशाल मोजा. पण आधी सांगा, तुमच्यापुढं तसला कागद आला तेव्हा पेन उचललंत का खाली ठेवलंत?